एका फ्लॉपीत मावंल तेवढंच

आमच्या जालन्यात जिनिंगच्या बाजूला कम्प्युटर ठेवला, की सहा महिन्यांनी त्याच्या पंख्यातून रुईचा हा एवढा गोळा निघतो. कुणी आणून टाकत न्हाई. खिडकी बंद ठेवा, पडदा लावा, तरी गोळा व्हतोच! आमच्या त्या वरच्या खोलीतल्या किश्शांचं तसंच झालंय. म्या काही मुद्दाम साठवले न्हाईत. पण एकदा पंखा खोलला, की निघतच राह्यतेत.

आधी महं सांगते, म्हणजे "ही म्हातारी कम्प्युटरात काय करत व्हती" असं कुणी मधीच इचारायला नको.

मही शाळा साडेतीन वर्षं. चौथीत मास्तरांच्या खुर्चीवर म्या खाजकुयली टाकली. मास्तर दोन दिवस उभ्यानं शिकवत व्हते. तिसऱ्या दिवशी म्हणले, "कौसे, तुला यायचं तेवढं आलं. आता घरी जा." गेले!

पुढं लगीन झालं, जालन्यात आले, आन एका बियाणं कंपनीच्या लॅबमधी लागले. काम काय? ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, कागदाची गुंडाळी करायची, ठरल्या दिवशी उकलायची आन मोजायचं. बराबर उगवल्या किती, वाकड्या किती, सडल्या किती. वीस वर्षं हेच केलं. मला गुंडाळी उकलली की आकडा दिसायचा. बाकीच्या पोरी बोटं लावून मोजायच्या, तोवर मही तंबाखू मळून व्हायची.

मंग लॅबमधी कम्प्युटर आले. आमचे चौधरी साहेब म्हणले, "मावशीच्या डोळ्यात जे हाये ते मशीनमधी उतरवा." आन मला लॅबच्या वरच्या खोलीत पाठवलं. तिथं तिघं बसायचे.

सुनील, टेंभुर्णीचा. इंजिनिअर झालेला, पुण्यात दोन वर्षं राहून परत आलेला. प्रज्ञा, अंबडकडची, मास्तरांची पोरगी, तिघांत हुशार. बोलायची कमी, पण बोलली की समोरचा गप. आन मोईनभाई, कम्प्युटर खोलणारा, जोडणारा. त्याच्या खिशात पेन कधी सापडला न्हाई, पण स्क्रू ड्रायव्हर कायम.

साहेबानं त्यांना एकच अट घातल्ती. "आपल्या गावोगावच्या बी-तपासणी सेंटरवरले कम्प्युटर जुने हायेत. सीडी लावायची सोय न्हाई. प्रोग्राम एका फ्लॉपीत बसला पाहिजे. दोन दिल्या, की त्यातली एक एसटीत राह्यली म्हणून समजा! मृगाच्या आत एका फ्लॉपीत द्या, न्हाई तर मी पुण्याच्या कंपनीला काम देतो."

आन तिकडं सुनीलच्या वडलांनी, आबांनी, त्याला सांगून ठेवल्तं, "मृगापर्यंत तुहं कौतुक. जमलं तर जालन्यात राह्य. न्हाई तर पुण्याला मामाकडं गप नोकरीला जा."

सुनीलला जायचं नव्हतं. त्याला दाखवायचं व्हतं, की असलं काम जालन्यात बसूनबी व्हतं.

मी गेले त्या दिवशी प्रोग्राम तीन फ्लॉप्यांचा झाल्ता!

* * *

पहिल्या दिवशी सुनीलनं मला स्क्रीनवर एक फाईल दाखवली. मारुतीच्या शेपटासारखी लांब. एका ओळीत एक इंग्रजी नाव आन शेवटी एक न्हाई तर शून्य.

"मावशी, आपण खिडक्या, बटणं, याद्या हे सगळं स्वतः बनवत न्हाई. त्याची एक लायब्ररी मिळती, तयार गाठोडं. प्रोग्राम एकदाच लिहायचा, तो विंडोजवरबी चालतो आन लिनक्सवरबी. पण त्या गाठोड्यात लै सामान हाये. ज्याच्यापुढं एक, ते आत येतं. ज्याच्यापुढं शून्य, ते बाहेर राह्यतं."

"आन मधीच वाटलं की हे पाहिजे, ते नको?"

"मंग न्हाई चालत. एकदा बांधलं, की बांधलं. बदलायचं तर एक-शून्य बदला आन सगळं परत बांधा. ह्या मशीनवर तीन तास लागतेत."

"म्हणजे जे बोलायचं ते सुपारी फोडतानाच बोलून घ्या," मी म्हणले. "मांडवात रुसायचं न्हाई!"

सुनील माह्याकडं बघतच राह्यला. म्हणला, "मावशी, मला हे कॉलेजात समजायला एक सेमिस्टर गेलं."

मंग ठरलं, प्रज्ञानं नाव वाचायचं, काय कामाचं ते सांगायचं, आन लॅबला लागतं का न्हाई ते म्या सांगायचं.

"मावशी, कॅलेंडर?"

"गुंडाळीची तारीख लागती. एक."

"आवाज वाजवायची सोय?"

"बी बोलतं का? शून्य."

"वस्तू माऊसनं ओढून दुसरीकडं न्यायची सोय?"

"बी जिथं उगवलं तिथंच राह्यतं. शून्य."

"खिडकीच्या पोटात अजून खिडक्या?"

"एवढे पाव्हणे न्हाईत आपल्याकडं. शून्य."

"खेळायचा दांडा, जॉयस्टिक?"

"साहेब तोच आपल्या पाठीत घालतील. शून्य!"

"छापायच्या आधी कागद कसा दिसंल ते दाखवणं?"

"दोन बोटाची चिठ्ठी. तिला काय बघायचं? मुलगी हाये का? शून्य!"

मोईनभाई कोपऱ्यात हसून हसून खाली बसला. म्हणला, "मौसी, ये लिस्ट बनानेवाले को मालूम पडा तो बिचारा रो देगा!"

* * *

एवढे शून्य लावले, तीन तास बांधलं, आन मोजलं. तीन फ्लॉप्या!

सुनीलनं अजून दहा शून्य लावले. परत तीन तास. तीन फ्लॉप्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं चिडून अर्ध्या यादीलाच शून्य लावले. तरी तीन फ्लॉप्या. तसूभर कमी न्हाई! सुनीलचं तोंड असं झालं, जसं पोळ्याच्या दिवशी बैल हरवलाय.

मी मागं उभी राहून बघून राह्यले व्हते. इचारलं, "बाबा, ही वही कच्ची हाये का पक्की?"

"कोणती वही?"

"आमच्या लॅबमधी दोन वह्या असतेत. मोजताना कच्ची, साहेबाला दाखवायला पक्की. पोरी चूक सापडली की कच्चीत दुरुस्त करतेत आन घरी जातेत. साहेब पक्की बघतो. ओरडा मला बसतो!"

सुनील म्हणला, "मावशी, हे कम्प्युटर हाये. इथं असं नसतं."

प्रज्ञानं गपचूप शोधलं. आन दुसऱ्याच एका फोल्डरात तीच फाईल सापडली! त्याच नावाची, सगळे एक जसेच्या तसे. पहिल्यांदा बांधताना त्या लायब्ररीनं स्वतःपुरती एक नक्कल काढून ठेवल्ती, आन ती दर येळी तीच वाचत व्हती. आमचा इंजिनिअर दोन दिवसांपासून कच्ची वही खोडून राह्यल्ता!

प्रज्ञा म्हणली, "सुनीलदादा, तुमच्यावर लॅबमधल्या सगळ्या पोरी खूश व्हतील."

पक्कीत शून्य लावले. बांधायला घेतलं. आन अर्ध्या तासात धाडकन एरर आला.

एरर बघून सुनील खुर्चीवरून उडाला. "आला! एरर आला! एरर आला!" मोईनभाईनं त्याला मिठी मारली. खालून लॅबमधल्या पोरी पळत वर आल्या. त्यांना वाटलं, काम झालं.

फाईल खरोखर वाचली जाते, हे त्या एररनं दाखवल्तं. म्हणून आनंद! दोन दिवसांनी मशीननं त्याचं ऐकल्तं.

मंग प्रज्ञानं एरर वाचला आन माह्याकडं बघितलं. "मावशी, चौकटीत टिक करायच्या सोयीला तुम्ही शून्य लावलंय."

"मंग? टिक मास्तर करतेत."

"आपला आख्खा प्रोग्राम म्हणजे शंभर चौकटी हायेत. उगवलेल्या बीवर टिक करायची."

मी पदर तोंडाला लावला. "मंग लाव की एक! बघत काय बसलीस?"

संध्याकाळी मोजलं. दोन फ्लॉप्या, वर थोडं. खोलीत पेढे वाटले. एरर आला म्हणून पेढे वाटणारं ऑफिस आख्ख्या जिल्ह्यात आमचंच!

* * *

त्या लायब्ररीत एक सोय मला लै आवडल्ती. प्रोग्राम उघडला, की आधी एक छोटी खिडकी येती आन "आजची सूचना" म्हणून एक ओळ दाखवती. रोज नवी.

प्रज्ञानं सरळ सूचना लिहिल्त्या. "गुंडाळी अलगद उकला." "कागद ओला असावा, चिंब नसावा." मी म्हणले, "पोरी, ह्या कोण वाचंल? मी सांगते तशा टाक."

ती नको नको म्हणत व्हती, पण टाइप करून राह्यल्ती!

चार दिवसांनी चौधरी साहेब दोन मोठे अधिकारी घेऊन आले, प्रोग्राम बघायला. सुनीलनं ऐटीत उघडला. साहेबानं चष्मा लावला आन मोठ्यानं वाचलं.

"आजची सूचना. साहेब आले की दचकून उभे राहू नका. मांडीवरच्या गुंडाळ्या पडतात."

सुनीलच्या कानाचा रंग मिरचीसारखा झाला. साहेबानं "पुढची" दाबलं.

"नाकात घातलेल्या बोटानं बी मोजू नये."

दोघांतल्या एका अधिकाऱ्याचा हात गपकन खाली आला. साहेबानं परत दाबलं.

"सूचना वाचत बसू नका. काम करा."

साहेब वळले. "हे कुणी लिहिलं?"

सुनील छताकडं बघून राह्यला, प्रज्ञा जमिनीकडं, मोईनभाई टेबलाखाली काहीतरी जोडायला गेला. मी पुढं झाले. म्हणले, "साहेब, लायब्ररीतच असतेत. परदेशातून तशाच येतेत."

साहेबानं मान हलवली. अधिकाऱ्यांना म्हणले, "बघा! कुठं बसलेत, पण आपल्या लॅबचं त्यांना बराबर माहीत हाये!"

ते जिन्यावरून उतरले, आन सुनीलनं पहिलं काम केलं, सूचनांच्या सोयीपुढं शून्य लावलं. वरून माह्याकडं बघून म्हणतो, "चाळीस केबी वाचले."

* * *

आता शून्य लावणंबी सोपं नव्हतं. एकाला बाहेर काढलं, की दुसरं रडायचं. चित्र दाखवायची सोय ठेवली आन फाईल वाचायची काढली, तर चित्र म्हणायचं, मला ती पाहिजे. जाळीचा तक्ता ठेवला, तर तो म्हणायचा, माह्यासोबत अजून दोघं.

तिघं कागदावर बाण काढून राह्यले व्हते. मला ते बाण कळंनात. म्या खडू घेतला आन भिंतीवर नातं लावलं. जिच्याशिवाय कुणाचं चालत न्हाई ती सासू. तिच्या भरवशावर येणारा तो जावई. जावयासोबत फुकट येणाऱ्या त्या नणंदा!

चार दिवसांत सगळी खोली तसंच बोलायला लागली.

एका दुपारी जिन्यावर बूट वाजले. पुण्याच्या कंपनीचा माणूस आल्ता. टाय लावलेला, हातात चकचकीत सीडी. साहेबाला भेटून तो वर आल्ता, आमचं कितपत झालंय ते बघायला. दारात आला, आन नेमकं त्याच टायमाला सुनील ओरडला, "सासूला काढल्याबराबर किती हलकं वाटून राह्यलं!"

आतून प्रज्ञा, "पण दोन्ही जावई रडून राह्यलेत!"

मोईनभाई, "एक जावई को भी निकाल दो, नणंदा अपने आप जाती!"

टायवाला उंबऱ्यावरच थांबला. म्हणला, "मी... घरगुती काही चाललंय का? नंतर येतो."

"या, या!" मी म्हणले. "आमच्यात कुणाला घ्यायचं न कुणाला काढायचं ते ठरवून राह्यलोय. तुमच्याकडं कसं करतेत?"

तो म्हणला, "आम्ही काहीच काढत न्हाई. आमच्या प्रोग्राममधी सगळं हाये. एका सीडीत." आन त्यानं चकती दाखवली. तिच्यात आपलं तोंड दिसत व्हतं. म्या पदर सारखा केला.

"लै झ्याक हाये. पण साहेब, आमच्या वाटूर सेंटरवरच्या कम्प्युटरला ही कुठून घालायची?"

"मंग नवा कम्प्युटर घ्यावा लागंल."

"त्याला लाईट?"

"इन्व्हर्टर घ्यावा लागंल."

"आन तुमचा माणूस दुरुस्तीला पुण्याहून येणार?"

"हो. फोन केला की दोन दिवसांत."

"मंग साहेब, बी मोजायला माणूसबी तुम्हीच द्या. आमचा तोवर म्हातारा व्हईल!"

तो हसला. माणूस वाईट नव्हता. चहा पिला, दोन गुंडाळ्या बघितल्या. पण जाताना भिंतीवरचं आमचं नातं लै येळ बघत व्हता. गुपचूप इचारलं, "मॅडम, हे सासू-जावई... मला उतरवून घेता येईल का?"

म्हणजे तिकडंबी रडून राह्यले व्हते!

* * *

एकदा सुनीलचे आबा आले, टेंभुर्णीहून. पोरगं दिवसभर काय करतं, ते डोळ्यांनी बघायला. मृगाला महिना राह्यल्ता.

बांधायचं काम चालू व्हतं. स्क्रीनवर इंग्रजी ओळी भराभर वर चालल्त्या. सुनील हाताची घडी घालून बसल्ता.

आबा उभेच. "हे काय चाललंय?"

"बांधून राह्यलंय, आबा."

"कोण?"

"मशीन."

"मंग तू काय करून राह्यलास?"

"वाट बघून राह्यलो."

"किती येळ?"

"तीन तास."

आबांनी टोपी काढली, परत घातली. म्हणले, "मंग ह्याला शिकलेलं माणूस काहून लागतं?"

मी म्हणले, "आबा, तुम्ही बसा की इथं. ह्या ओळी थांबल्या, की हाक मारा. तेवढंच पोरगं जेवून येईल."

बसले! पाखरं राखायला माळ्यावर बसतेत तसे बसले. डोळा हलवला न्हाई. पाणी दिलं तर पेला न बघताच घेतला. मधीच मला म्हणले, "आता जरा हळू चाललंय. दम लागला वाटतं." मी म्हणले, "चढ हाये तिथं."

आन दोन तास झाले न झाले, तोच लाईट गेली. आबा ताडकन उभे राह्यले. वीज मंडळाला त्यांनी जे ऐकवलं ते मला लिहिता येत न्हाई. चौथी पुरी न्हाई झाली मही! "माहे दोन तास गेले!" आबा म्हणले. माहे!

सुनील पळत आला. "आबा, काही गेलं न्हाई. जेवढं झालं तेवढं तसंच राह्यतं. लाईट आली, की तिथूनच पुढं चालू करायचं."

आबा खाली बसले. म्हणले, "खरं?"

"खरं."

"मंग हे गारपिटीला शिकव ना कुणी तरी!"

तेवढ्यात मोईनभाईनं ट्रॅक्टरची बॅटरी आणून मेलेल्या यूपीएसला जोडली. ओळी परत पळायला लागल्या. आबांची एसटी पाचची व्हती. पाच वाजले, साडेपाच वाजले, आबा जागचे हलले न्हाईत. सुनील म्हणला, "आबा, गाडी गेली."

आबा म्हणले, "जाऊ दे रे. आता संपत आलंय. मधीच कसं उठू?"

* * *

एक बारका किस्सा. वाटूर सेंटरवरचा कम्प्युटर एवढा जुना, की त्याच्यात विंडोज नीट चालंना. मोईनभाईनं लिनक्स घातलं, आन दोन फ्लॉप्यांतून प्रोग्राम तपासायला बसवला. आमचा प्रोग्राम तोच, फक्त तिथं परत बांधायचा. एक-शून्य मात्र तिथं फाईलमधी न्हाई, बांधायच्या आधी एका लांबलचक हुकुमात सांगायचे. हे नको, ते नको, ते पण नको. मोईनभाई ती ओळ एका दमात म्हणायचा. श्वास घेतला, की पहिल्यापासून!

वाटूरच्या पोरीचा फोन आला. "मावशी, तुम्ही दुसराच प्रोग्राम पाठवला. जालन्याच्या लॅबमधी बटणं वेगळी दिसतेत, इथं वेगळी."

मी म्हणले, "बाई, तुहं लगीन झालं का?"

"झालं की."

"माहेरी जशी दिसती तशीच सासरी दिसती का?"

तिकडं पोरगी हसली. मंग म्हणली, "कळलं मावशी, ठेवते."

* * *

आन आता शेवटचा.

मृगाला पाच दिवस राह्यले. आमचा प्रोग्राम एका फ्लॉपीत बसत आल्ता. आता फक्त एवढासा वर येत व्हता. बारीक पिन घुसंल एवढा. आन काढायला काही उरलं नव्हतं. प्रज्ञानं यादी दोनदा वाचली. राह्यलेलं सगळं लागणारंच व्हतं.

न्हाई म्हणायला, एक सोडून.

चौधरी साहेबानं आठ दिवस आधी एक फोटो धाडल्ता. स्वतःचा. रंगीत, कोट घातलेला, हात जोडलेले. सांगितल्तं, की प्रोग्राम उघडला, की सगळ्यात आधी हा दिसला पाहिजे. आता रंगीत फोटो उघडायचा म्हणजे त्या लायब्ररीतलं फोटो उघडायचं आख्खं मशीन आत घ्यावं लागतं. त्याच्यापुढं एक. तो एक काढला, की प्रोग्राम फ्लॉपीत मोकळा-ढाकळा बसत व्हता.

सुनील म्हणला, "साहेबाचा फोटो काढला, तर साहेब आपल्याला काढतील."

प्रज्ञा म्हणली, "आन ठेवला, तर फ्लॉप्या दोन व्हतात. मंगबी काढतीलच."

मोईनभाई म्हणला, "दोनों तरफ से मौत. चाय मंगाऊँ?"

सुनीलच्या टेबलावर मामाचं पत्र पडल्तं, पुण्याचा पत्ता लिहिलेलं. त्याचा हात कीबोर्डवर जायचा आन परत यायचा.

मी म्हणले, "सरक."

इतके महिने म्या नुसतं तोंडानं एक-शून्य सांगितल्तं. त्या दिवशी एका बोटानं, स्वतः, पक्क्या वहीत शून्य लावलं. "साहेबानं इचारलं, तर मावशीनं केलं म्हणून सांग. मला काढून काढून कुठं काढतील? चौथीतून तर आधीच काढलंय!"

तीन तास बांधलं, मोईनभाईनं वाटूरच्या लिनक्ससाठी वेगळं. मोजलं. एक फ्लॉपी! वर थोडी जागाबी राह्यली. आम्ही चौघं त्या फ्लॉपीकडं बघत बसलो, नवं बाळ बघतेत तसं.

दुसऱ्या दिवशी जीपनं वाटूरला गेलो. साहेबानं मुद्दाम तेच सेंटर निवडल्तं, सगळ्यात जुनं मशीन तिथलं म्हणून. फाट्यावर आबा उभे. पायाशी सुनीलच्या कपड्यांनी भरलेली पिशवी. "पोरगं पुण्याला चाललं, तर इथूनच गाडीत बसवतो," म्हणले. "न्हाई तर पिशवीसकट परत."

सेंटरवर साहेब खुर्चीत बसले. सुनीलनं फ्लॉपी घातली. घर्र... घर्र... घर्र. आबा माह्या कानात म्हणले, "चढ हाये का?"

"शेवटचा," मी म्हणले.

उघडला! शंभर चौकटी बराबर दिसल्या. साहेब म्हणले, "मोजा." सेंटरवरल्या पोरीनं गुंडाळी उकलली, एकेका बीवर टिक करत गेली. म्या एकदाच बघितलं आन मनात आकडा धरला. पोरीनं शेवटची टिक केली. साहेब माह्याकडं वळले. "मावशी, किती?"

"ब्याण्णव."

स्क्रीनवर ब्याण्णव! चिठ्ठी छापून बाहेर आली. तिच्यावरबी ब्याण्णव. मोईनभाईनं टाळीच वाजवली.

साहेबानं खिशातून पेन काढला, सुनीलच्या कामाच्या मंजुरीच्या कागदावर सही करायला. आन पेन तसाच धरून म्हणले, "सुनील, महा फोटो कुठाय?"

आबांनी पिशवी उचलली.

मी पुढं झाले. "साहेब, तो म्या काढला."

"तू? काहून?"

"तुम्ही हात जोडलेले, कोट घातलेला, आन काहीच बोलत न्हाई. पोरी रोज सकाळी मशीन उघडणार, आधी तुमचा फोटो दिसणार. चार दिवसांनी एखादी भोळी पोरगी म्हणंल, एवढ्या चांगल्या माणसाचा फोटो हाये, एखादा हार तरी घालावा!"

साहेबानं पेन खाली घेतला. सेंटरवरल्या पोरीकडं बघितलं. तिच्या मागं खिडकीत जास्वंदीचं झाड व्हतं.

"न्हाई, न्हाई," साहेब म्हणले. "शून्यच राहू द्या!"

आन सही केली. जल्दी केली. म्हणले, "सगळ्या सेंटरला अशीच एक-एक फ्लॉपी पाठवा. पुण्यावाल्याला मी कळवतो."

आबांनी पिशवी सुनीलच्या हातात दिली. म्हणले, "धर. परत जालन्यालाच न्यायची, तर मी काहून उचलू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटूरची चिठ्ठी घेऊन मी साहेबाच्या कॅबिनमधी गेले. त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर त्यांचा एक मोठा फोटो असायचा, हात जोडलेला, चौकटीतला.

तिथं नुसता खिळा व्हता.